शाळेतले वाद्य कोण सांभाळते? संगीतवर्गातील वाद्यांचा पुरवठा आणि दुरुस्ती: एक इतिहास

प्रस्तावना

भारतातील संगीतशिक्षणाचा इतिहास आपण बहुधा व्यक्ती, संस्था आणि स्वरलिपी यांच्या आधारे शिकतो. मौलाबक्ष, पलुस्कर, भातखंडे ही नावे येतात. त्यांनी काढलेल्या शाळा येतात. कोणती स्वरलिपी कोणी रचली हे येते. या घटकात आपण त्याच इतिहासाकडे एका साध्या प्रश्नातून पाहणार आहोत. या शाळांमध्ये वाद्ये कुठून येत होती आणि बिघडली की ती कोण नीट करत होते?

प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. तार तुटलेला तंबोरा आणि शाई उडालेला तबला असलेला वर्ग वेळापत्रकात 'संगीताचा तास' म्हणून राहतो, पण त्या तासाला संगीत शिकवता येत नाही. अभ्यासक्रम कागदावर आहे की प्रत्यक्षात, याचा निकाल अनेकदा वाद्यांच्या खोलीत लागतो. शाळेने कोणते वाद्य स्वीकारले हे केवळ अभिरुचीने ठरले नाही. कोणते वाद्य चालू स्थितीत ठेवणे शक्य होते, यानेही ते ठरले. हा या घटकाचा मुख्य मुद्दा आहे.

(या लेखात 'तंबोरा' म्हणजे तानपुरा आणि 'पेटी' म्हणजे हार्मोनियम. दोन्ही शब्द मराठीत नेहमीचे आहेत.)

१. गुरुघरातून वर्गात

गुरुकडे राहून शिकण्याच्या पद्धतीत वाद्य कोणाचे, हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. तंबोरा गुरूचा असे आणि त्याची काळजी शिष्य घेई. तो पुसणे, गवसणीत घालणे, तार बदलणे, सुरात लावणे ही कामे सेवेचा भाग होती. त्यातूनच शिष्याचा कान तयार होई. बिघाड मोठा असला तर वाद्य ओळखीच्या कारागिराकडे जाई. वाद्य, वादक आणि कारागीर यांची एकमेकांशी ओळख असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीत शाळेत आले. शौरींद्रमोहन टागोरांनी १८७१ मध्ये कोलकात्यात बंगाल म्युझिक स्कूल काढले. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा बडोद्यात सुरू झाली. ठरलेली वेळ, ठरलेले वर्ग, क्रमिक पुस्तक आणि परीक्षा अशी ही नवी व्यवस्था होती.

या व्यवस्थेत वाद्याची मालकी बदलली. वाद्य संस्थेचे झाले. एकच तबला दिवसभरात वेगवेगळ्या मुलांच्या हाताखालून जाऊ लागला आणि सुट्टीत तो बंद खोलीत पडून राहू लागला. ज्याच्या हातात वाद्य आहे त्याचे ते नाही आणि ज्या संस्थेचे आहे तिला हात नाहीत, अशी ही स्थिती होती. देखभालीसाठी आता स्वतंत्र माणूस, स्वतंत्र पैसा आणि स्वतंत्र वेळ लागणार होता.

२. वाद्याचे नेमके काय बिघडते?

पुढचा इतिहास समजण्यासाठी थोडी तांत्रिक माहिती आवश्यक आहे. वर्गात नेहमी दिसणारी तीन वाद्ये घेऊ.

तंबोरा: भोपळा, लाकडी दांडी, खुंट्या आणि पोलादी व पितळी तारा ही त्याची मुख्य अंगे. तारा ज्या रुंद घोडीवरून जातात तिच्या पृष्ठभागाला विशिष्ट उतार दिलेला असतो आणि तारेखाली बारीक दोरा सरकवलेला असतो. यामुळे जो भरलेला, घुमता नाद येतो तो म्हणजे जवारी. तारेच्या सततच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि जवारी 'बसते'. ती पुन्हा काढणे, म्हणजे पृष्ठभाग कानाने तपासत घासणे, हे कसबी कारागिराचे काम आहे. तार बदलणे आणि तंबोरा सुरात लावणे मात्र विद्यार्थी शिकू शकतो, आणि दुसरे काम तर रोज करावे लागते. भोपळा आपटला की तडकतो.

तबला-डग्गा: यांची पुडी कातड्याची असते आणि तिच्यावर लोहचूर्ण व चिकट खळ यांच्या थरांची शाई घोटलेली असते. पावसाळ्यात कातडे ओल धरून सैल पडते, उन्हाळ्यात ताणते. ओला हात, धूळ आणि चुकीच्या जागी मारलेली हातोडी यांनी शाई सुटते, वाद्या तुटतात. पुडी टिकाऊ वस्तू नव्हे. वापरली की ती संपणारच.

पेटी: भात्याची हवा पितळी सुरांवरून जाते आणि सूर कंप पावतो. सूर उतरला तर त्याचे टोक किंचित घासून चढवतात. चढला तर मुळाशी घासून उतरवतात. पण ही वेळ सहसा महिनोन्महिने येत नाही. पट्टी अडकणे, भात्यातून हवा गळणे, आतले कापड किंवा चामडे झुरळ-उंदरांनी कुरतडणे हे तिचे नेहमीचे आजार. बऱ्याच वेळा एखादी पट्टी बंद असली तरी बाकीची पेटी वाजत राहते.

या तुलनेतून एक गोष्ट दिसते. तंबोऱ्याला रोज जाणता कान लागतो, तबल्याला ठरावीक काळाने नवी पुडी लागते, पेटीला मात्र बरेच दिवस कोणी हात लावला नाही तरी चालते.

३. पेटी वर्गात का टिकली?

हार्मोनियमचे पेटंट आलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पॅरिसमध्ये घेतले. युरोपातील हे वाद्य पायाने भाता चालवून, खुर्चीवर बसून वाजवायचे होते. भारतात खाली बसून वाजवता येईल अशा रूपात ते आणण्याचे श्रेय कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांना दिले जाते. त्यांची द्वारकिन ही पेढी १८७५ मध्ये सुरू झाली आणि १८८० च्या दशकात तिची हातपेटी बाजारात आली. एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या अशी ही सोय होती. (पायपेटी मराठी रंगभूमीवर पुढेही बराच काळ राहिली.)

आता ही पेटी शिक्षकाच्या नजरेने पाहा. समोर मुले बसली आहेत. शिक्षक मुलांकडे तोंड करून एकाच वेळी वाजवू शकतो, गाऊ शकतो आणि लक्ष ठेवू शकतो. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो. तास सुरू झाल्यावर सूर लावण्यात वेळ जात नाही. पेटी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेली तरी तिचा सूर हलत नाही. चाळीस मिनिटांच्या तासासाठी हे फार महत्त्वाचे आहे.

पेटीवरचा आक्षेपही तितकाच जुना आहे. तिचे स्वर ठरलेले असतात, त्यामुळे मींड निघत नाही. आणि सप्तकाचे बारा समान भाग केल्याने गायकाच्या कानातल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत. आनंद कुमारस्वामी यांच्यासारख्या विचारवंतांनी तिच्यावर टीका केली. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती अंशतः उठली १९७१ मध्ये.

मधला मार्ग शोधण्याचाही प्रयत्न झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी ई. क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचा विचार करून 'श्रुती हार्मोनियम' पुढे आणली. ती लंडनच्या मूर यांच्याकडून बनवून घेतली होती. बडोद्यात १९१६ मध्ये भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. या पेटीचा सिद्धान्त बरोबर की चूक, हा वाद आपण बाजूला ठेवू. देखभालीच्या अंगाने पाहिले तर ती शाळेत पोहोचणे अवघडच होते: सूर जास्त, रचना गुंतागुंतीची आणि घडवणारा लंडनमध्ये. साधी पेटी गावातला सुतारही उघडून पाहू शकत होता.

म्हणजे रेडिओने पेटी बंद ठेवली तेव्हाही ती वर्गात राहिली, याचे एक कारण सौंदर्यशास्त्रात नसून दुरुस्तीच्या सोयीत आहे, असे आपण अनुमान करू शकतो. शाळांनी पेटी निवडली ती सर्वांत सुरेल म्हणून नव्हे. सोमवारी सकाळी ती वाजेल याची खात्री होती म्हणून.

४. दोन गायक आणि दुरुस्तीचे काम

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडचा. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते शिकले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि १९०८ मध्ये मुंबईत आले. राजाश्रयावर नव्हे तर फी, देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर ही संस्था उभी होती, म्हणून तिचा खर्चाचा विचार वेगळा होता.

पलुस्करांच्या कामातला एक भाग पाठ्यपुस्तकांत एका ओळीत संपतो. त्यांनी महाविद्यालयाच्या जोडीला स्वतःचा छापखाना आणि वाद्ये तयार व दुरुस्त करण्याची कार्यशाळा उभी केली. क्रमिक पुस्तके बाहेर छापायची नाहीत आणि वाद्यांसाठी बाहेर अवलंबून राहायचे नाही, हा या दोन्हींमागचा विचार. पुस्तक आणि वाद्य या दोन्ही गोष्टी शाळेच्या गरजा आहेत आणि दोन्हींचा पुरवठा शाळेने आपल्या हातात ठेवला पाहिजे, असे त्यांनी मानले.

त्यांचा उपदेशक वर्गही इथे लक्षात घ्या. यातले विद्यार्थी अनेक वर्षे संस्थेत राहून शिकत आणि पुढे इतर गावी जाऊन शिकवत. नव्या गावात संगीतशाळा काढणाऱ्या तरुणाजवळ गाण्याबरोबर वाद्य चालू ठेवण्याचे ज्ञान असणे किती आवश्यक होते, हे वेगळे सांगायला नको. पुढे मुंबईतली इमारत कर्जापायी हातची गेली, पण ही शिष्यमंडळी टिकली. बा. र. देवधर यांनी १९२५ मध्ये मुंबईत, तर विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात संस्था काढल्या. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ मध्येच गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने परीक्षा आणि अभ्यासक्रम देशभर नेले. कार्यशाळेची कल्पना मात्र त्या प्रमाणात पसरली नाही. परीक्षेचा अर्ज टपालाने पाठवता येतो. जवारी काढण्याचा हात टपालाने पाठवता येत नाही.

दुसरे उदाहरण उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. किराणा घराण्याचे हे गायक पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवत आणि अखेरची वर्षे मिरजेत राहिले. वाद्ये दुरुस्त करण्यात त्यांचा हात चांगला होता, तंबोऱ्याच्या जवारीबद्दल ते अतिशय काटेकोर होते. त्यांच्या गाण्यातला स्वरांचा सूक्ष्म विचार आणि घोडीवर चालणारा त्यांचा हात या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. कान एकच होता.

५. कारागिरांची गावे

शाळेला वाद्य मिळते ते शेवटी एखाद्या कारागिराकडून. भारतात ही कारागिरी काही ठिकाणी एकवटलेली आहे.

मिरज: इथली तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनची. शिकलगार हे मूळचे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींची मागणी घटली तेव्हा त्या समाजातील फरीदसाहेब शिकलगार तंबोरे आणि सतारी घडवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, ते काही महिने वाळवावे लागतात आणि मग त्यावर काम सुरू होते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंजावर: इथल्या वीणेला हे मानांकन २०१३ मध्ये मिळाले. फणसाच्या लाकडाच्या या वीणेचे चोवीस पितळी पडदे मेणाच्या थरावर बसवलेले असतात. मेण जुने झाले, उष्णतेने हलले की स्वर बिघडतात आणि सगळे पडदे नव्या मेणावर पुन्हा बसवावे लागतात. हे काम वीणा शिकणारा प्रत्येक जण करू शकत नाही. म्हणून वीणावर्ग चालवणाऱ्या शाळेला जाणत्या कारागिराशी कायमचा संबंध ठेवावा लागतो.

पालिताणा: गुजरातमधील हे तीर्थक्षेत्र पेटीच्या सुरांसाठीही ओळखले जाते. सुरुवातीच्या काळात पेटीचे सूर युरोपातून, विशेषतः पॅरिसहून येत. ते देशात होऊ लागले तेव्हाच पेटी खऱ्या अर्थाने देशी आणि दुरुस्त करण्याजोगी झाली.

राजकीय घटनांचा या साखळीवर परिणाम होतो. लाहोरमधले रिखीराम यांचे वाद्यांचे दुकान फाळणीनंतर दिल्लीत आले, हे त्याचे एक ठळक उदाहरण. कायद्याचाही परिणाम होतो. तंबोरा-सतारीच्या घोड्यांसाठी पूर्वी सांबरशिंग आणि हस्तिदंत वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनंतर कारागिरांना उंटाचे हाड, शिसवी-आबनूस यांसारखी लाकडे आणि कृत्रिम पदार्थ यांच्याकडे वळावे लागले.

६. वेगळी निवड: शांतिनिकेतन आणि मद्रास

सर्वच संस्थांनी पेटी स्वीकारली नाही. शांतिनिकेतनात साथीसाठी एसराजाला महत्त्व मिळाले. हे गजाने वाजवायचे वाद्य गळ्याच्या जवळ जाते आणि पडदे असल्यामुळे सारंगीच्या मानाने नवशिक्याला सोपे पडते. पण त्यासाठी एसराज शिकवणारे शिक्षक, वाजवणारे विद्यार्थी आणि जवळच्या प्रदेशात घडवणारे कारागीर असा पूर्ण परिसर लागतो. बंगालमध्ये तो होता. निवड तत्त्वाने झाली, टिकली मात्र परिसराच्या बळावर.

मद्रासमध्ये पी. सांबमूर्ती यांनी संगीत हा विद्यापीठीय विषय म्हणून रुजवण्यात मोठा वाटा उचलला. स्वातंत्र्यानंतर तिथे हस्तकला मंडळाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या 'संगीत वाद्यालय' या केंद्राशी त्यांचे नाव जोडलेले आहे. वाद्यांची घडण हा संगीतशिक्षणाचाच विषय आहे, हा विचार त्यात दिसतो. पलुस्करांच्या कार्यशाळेशी त्याचे नाते तुम्ही सहज जोडू शकाल.

७. स्वातंत्र्यानंतर: नोंदवहीतले वाद्य

सरकारी आणि अनुदानित शाळांत वाद्य खरेदी झाले की त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होते. टेबल, कपाट, घंटा आणि तबला एकाच यादीत येतात. इथे एक मूलभूत अडचण आहे. टेबल जसे आहे तसे वीस वर्षे राहते. तबल्याचे खोड राहते, पुडी राहत नाही. वाद्य हे अर्धे टिकाऊ आणि अर्धे खर्ची पडणारे असते, पण नोंदवहीला ते फक्त टिकाऊ म्हणून माहीत असते.

याचे परिणाम तुम्ही पाहिलेही असतील. खरेदीला एकदा पैसा मिळतो, पुडीला दरवर्षी मिळत नाही. बिघडलेले वाद्य टाकता येत नाही, कारण निर्लेखनाची प्रक्रिया लांब; आणि नवे घेता येत नाही, कारण नोंदवहीत जुने 'शिल्लक' आहे. शिवाय नोंदवहीतली वस्तू हरवली-फुटली तर जबाबदारी शिक्षकावर येते. म्हणून वाद्य कुलपात सुरक्षित ठेवण्याकडे कल होतो. न वाजवलेले वाद्य मात्र वाजवलेल्यापेक्षा लवकर खराब होते: तारा गंजतात, भात्याला कसर लागते, कातडे कडक होते.

धोरणाच्या पातळीवर कलाशिक्षणाचे महत्त्व वेळोवेळी मान्य झाले आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलांना शालेय शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतली कडक भिंत काढण्याची भूमिका घेतली. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदान मिळते आणि त्यातून साहित्याची दुरुस्तीही करता येते. पण त्याच रकमेतून वीज, पाणी, खडू-कागद आणि स्वच्छता यांचाही खर्च भागवायचा असतो. अशा स्पर्धेत तबल्याच्या पुडीचा क्रमांक कितवा लागेल, हे मुख्याध्यापकाच्या जागी बसून तुम्हीच ठरवा.

तंत्रज्ञानाने एक वाट काढली आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि श्रुतीपेटी उपलब्ध झाल्या; आज तोच नाद मोबाइलमधून मिळतो. ज्या शाळेत तंबोरा कधीच येणार नव्हता तिथे स्थिर षड्ज पोहोचला, हा लाभ खरा आहे. पण या सोयीत विद्यार्थी सूर ऐकतो, लावत नाही. दोन तारा एकमेकींत मिळेपर्यंत खुंटी आणि मणी फिरवत राहणे हा स्वरज्ञानाचा पहिला धडा होता. तो धडा देखभालीच्या नावाखाली होत असल्यामुळे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिला गेला नाही, आणि म्हणूनच तो गेला तेव्हा कोणाच्या लक्षातही आला नाही.

समारोप

या इतिहासातून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, संगीत गुरुघरातून शाळेत आले तेव्हा अभ्यासक्रम, परीक्षा आणि स्वरलिपी यांची व्यवस्था झाली, पण वाद्याच्या देखभालीची व्यवस्था मोजक्याच ठिकाणी झाली. दुसरा, पेटीचा वर्गातला विजय समजून घ्यायचा असेल तर श्रुतींच्या वादाबरोबर दुरुस्तीची सोयही पाहावी लागते. तिसरा, जिथे वाद्ये चालू राहिली तिथे सहसा चार गोष्टी एकत्र दिसतात: पोहोचण्याजोगा कारागीर, दरवर्षी येणारा थोडा पैसा, जबाबदारी घेणारा एक माणूस आणि वाद्याला हात लावण्याची मुभा असलेले विद्यार्थी.

यातली चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. तार बदलणे, तबला कोरड्या फडक्याने पुसून झाकणे, पेटीचा भाता बंद करून ठेवणे, पावसाळ्यापूर्वी वाद्ये जमिनीवरून उचलून फळीवर ठेवणे ही कामे शाळकरी मुलेही शिकू शकतात. जवारी काढणे, शाई घोटणे आणि सूर घासणे मात्र कारागिरावरच सोपवावे. ही सीमारेषा कळणे हेही शिक्षणच आहे.

विचार करा आणि शोधा

१. तुमच्या शाळेतील किंवा महाविद्यालयातील वाद्यांची यादी मिळवा. किती वाद्ये नोंदवहीत आहेत आणि त्यांपैकी किती आज वाजतात? फरक असल्यास त्याची कारणे लिहा.

२. तुमच्या जिल्ह्यात वाद्य दुरुस्त करणारा सर्वांत जवळचा कारागीर कुठे आहे? शाळा त्याच्याकडे जातात का? त्याच्या अनुभवाची, त्याच्या परवानगीने, नोंद करा.

३. पलुस्करांच्या छापखान्याचा वारसा आणि कार्यशाळेचा वारसा यांची तुलना करा. पहिला जास्त का पसरला असावा?

४. 'पेटी वर्गात टिकली ती सोयीमुळे' या विधानाच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.